ठिपक्यांचा रेनसूट

पावसामुळे माझ्या जिवाला कधी धोका झालेला नाही. रेनसूटमुळे मात्र मी मरता मरता वाचले.

मी मुळातच भित्री. मांजर आडवं गेलं तर लोक अपशकुनाला घाबरतात, मी मांजराला घाबरते! माझी थोरली बहीण, अक्का, अगदी उलटी. दवाखान्यात नर्स म्हणून तिचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तिनं कॅमेरा घेतला आणि सोलापूरच्या आसपासची माळरानं पालथी घालायला लागली.

"मंगे, नान्नजकडच्या माळावर काळवीट दिसायलेत. रविवारी येतीस?"

"साप असतील का गं?"

"असतील की."

"लांडगे?"

"नशीब असलं तर दिसतील!"

मला नाही म्हणायचीही भीती वाटते (अक्काला). मी हो म्हटलं.

दिवस परतीच्या पावसाचे होते. नव्या पेठेतल्या एका दुकानात आम्ही रेनसूट बघायला गेलो. दुकानातल्या चाचांनी दोन सूट पुढ्यात टाकले.

"ये देखो खाला, ये हलका. पानी आत येत न्हाई, आन् अंगाची वाफ भायेर जाती. चलनेवालों कू येच अच्छा."

"आणि तो दुसरा?"

"वो पक्का है. शिकारी लोगां पेनते. कुच आत न्हाई, कुच भायेर न्हाई. पन गरम होता, खाला."

अक्कानं पहिला उचलला, नारिंगी रंगाचा. मी विचारात पडले. कापडातून वाफ बाहेर जाते म्हणजे त्याला भोकं असणारच. मग त्या भोकातून विंचू आत का येणार नाही?

"अगं, वाफेएवढा विंचू कुठं असतोय?" अक्का ओरडली.

"लहानपणी सगळेच लहान असतात, अक्का!"

मी दुसरा घेतला. पायापासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत एकसंध, आतून रबर, वरून पिवळट कापडावर काळे ठिपके! "गवत में दिसताच नै आदमी," चाचा म्हणाले. लांडग्याला आपण दिसणार नाही, ही कल्पना मला फारच आवडली.

रविवारी सकाळी मी घरातूनच सूट चढवून निघाले. पाऊस नव्हता, ऊन होतं! अक्काच्या स्कूटरवर मागं बसून माळ येईपर्यंत माझी उकड काढल्यासारखी अवस्था झाली. चष्म्यावर वाफ धरली होती.

"काढ की तो सूट," अक्का म्हणाली.

"आणि साप?"

तिनं कपाळाला हात लावला. मला एका झुडपाआड बसवून ती कॅमेरा घेऊन पुढं गेली. तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला आणि माझ्या पाठीवरून काहीतरी सरपटत खाली गेलं.

मी श्वास रोखला. पुन्हा एक गेलं! आता पोटावरूनही! (घामाचे ओघळ होते, हे आता कळतं. तेव्हा मी मनातल्या मनात घोणी मोजत होते.) मी सुटाची चेन ओढली. दुपट्ट्याचं टोक तिच्यात अडकलं आणि चेन हनुवटीखाली जी रुतली, ती वरही होईना, खालीही होईना. छाती धडधडायला लागली. अंधुक चष्म्यातून समोर करड्या, तपकिरी आकृत्या हलताना दिसल्या. एक, दोन, दहा, पन्नास!

लांडगे! पन्नास लांडगे!

मी सपशेल आडवी झाले आणि कण्हत कण्हत चार पायांवर मागं सरकायला लागले. त्या मेंढ्या होत्या. त्यांच्यामागून येणाऱ्या म्हाताऱ्या धनगर नवरा-बायकोला मात्र गवतातून गुरगुरत सरकणारं ठिपक्यांचं धूड दिसलं.

"बिबट्या आला! पळा!" म्हातारा बोंबलला.

ते दूरवरून अक्कानं ऐकलं. "मंगे, बिबट्या! पळ की गं!"

बिबट्या! नक्कीच माझ्या मागं असणार! मी उठले आणि जिथं माणसांचा आवाज होता तिकडं, म्हणजे त्या नवरा-बायकोकडं जीव घेऊन धावले. ते माझ्यापासून पळत होते, मी बिबट्यापासून! मी "थांबा, मलाही घ्या!" म्हणून ओरडत होते, पण टोपीतून नुसतं "घुर्रर्र" बाहेर पडत असावं, कारण ते आणखी जोरात पळाले. मेंढ्या चौफेर उधळल्या. कुत्रं दोनदा भुंकलं आणि मालकाच्याही पुढं गेलं.

शेवटी डोळ्यांपुढं काळोख आला आणि मी कोसळले. तशी म्हातारा दगड उचलून मागं वळला.

"थांबा, दगुड मारू नका! ती माजी भैन हाय!" अक्का धापा टाकत पोचली. माझा हात धरल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तिचा चेहरा उतरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. "अंग भट्टीसारखं तापलंय. उष्माघात होईल हिला! सूट फाडायला पायजे. काही हाय का?"

म्हातारीनं पिशवीतून लोकर कातरायची हातभर कातर काढली. ती कातर माझ्या गळ्याकडं येताना पाहून मी डोळे मिटले आणि सगळ्या देवांची नावं घेतली. कचकच! गळ्यापासून पोटापर्यंत सूट उघडला आणि इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ निघाली.

मी आत नखशिखांत भिजले होते. म्हातारीनं पाणी पाजलं, आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं आणि मला निरखत म्हणाली, "बाई, भिजायचंच हुतं तर पावसात भिजायचं की. आतल्या आत कशाला भिजलासा?"

अक्कानं माझी नाडी धरून पुन्हा पुन्हा ठोके मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी चहा पिता पिता मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचली, "माळावर बिबट्या दिसल्याची चर्चा. बिबट्या चांगलाच जाडजूड असून मागच्या दोन पायांवर पळत होता. नागरिकांनी एकट्यानं बाहेर पडू नये." एवढं वाचून हे इतके हसले की चहा नाकातून आला.

तो बिबट्या मीच, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही खाली दूधवाल्यानं हाक मारल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आज तुम्हीच जा हो. बातमीत लिहिलंय ना!"