नाटकातली खरी भाकरी

अगं, जवळ सरक. इतके दिवस तोंड दाखवलं नाहीस, काय म्हणावं तुला! ऐक. संस्थानं देशात विलीन होत होती, तेव्हा लालबागेत माझं पहिलं नाटक लागलं. उपाशी सैनिक शत्रूची भाकरी नाकारतो, असा बाणेदार शेवट मी लिहिला होता! सैनिक झाला होता एक विणकर. सूत मिळेना म्हणून त्याचा माग बंद पडलेला. भाकरी मी खरीच ठेवली, ज्वारीची, गरम. पठ्ठ्यानं खाल्लीच की ती! पडद्याआडून मी ओरडले, "अरे, नाकार!"

भरल्या तोंडानं तो म्हणाला, "ताई, तुम्ही जेवून आलात!"

टाळ्याच टाळ्या! मी शेवट बदलला. पुढच्या प्रयोगाला दोन भाकऱ्या ठेवल्या, कारण शत्रूचं काम करणाऱ्या शाळामास्तरांचीही नजर भाकरीवरच होती. तेच नाटक आता परत बसवतेय गं. आता रोज येत जा, भाकऱ्या थापायला माणूस हवं.