आत्याचं नाक आणि प्रवासाचा विमा

माझ्या आत्याकडे जगातल्या कोणत्याही गोष्टीसाठी दोनच शेरे होते. ‘घाण हाय’ आणि ‘घाण न्हाय’. हातात आलेली वस्तू ती आधी नाकाशी नेई, डोळे बारीक करी आणि निकाल देई. दूध, पीठ, नवं लुगडं, लग्नाची पत्रिका, औषधाची गोळी, शेजारणीचं तान्हं मूल, कशाचीही सुटका नव्हती. बहुतेक निकाल विरोधात जात. ‘घाण न्हाय’ ही तिची सर्वांत मोठी शाबासकी, आणि ती एखाद्याच भाग्यवंताच्या वाट्याला येई. माझ्या लग्नात तिने वैशालीला जवळ ओढलं, तिच्या केसांचा वास घेतला आणि भर मांडवात ‘घाण न्हाय!’ असं जाहीर केलं. माझ्या सासरची माणसं लालबुंद झाली. आमच्याकडच्यांनी मात्र एकमेकांना टाळ्या दिल्या.

हे नाक मेंढरांत तयार झालं होतं. सांगोल्याकडच्या माळावर आजोबांचा कळप होता. कुठलं मेंढरू आजारी पडणार, हे आत्या त्याच्या तोंडाच्या वासावरून सांगत असे. माणसांच्या बाबतीतही तिचा तोच खाक्या. “खोट्याला आंबूस वास येतो बग,” असं ती म्हणायची. शाळा बुडवून आलो की मी लांबूनच बोलायचो, तरी पकडला जायचो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढे माझी आई गेली, तेव्हा मी रांगत होतो. मला आत्यानेच वाढवलं. शाळेत नाव घालायला ती मला घेऊन गेली आणि गुरुजींसमोर मी तिला ‘आई’ अशी हाक मारली. गुरुजींना ते गोड वाटलं. आत्याने मात्र मला बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाली, “आई नगं म्हणू मला. ती बिचारी गेली, तिच्यापाशी तेवढंच नाव ऱ्हायलंय. ते बी मी घिऊ व्हय? मी आत्या हाय. आत्याच म्हण.” त्या दिवसापासून मी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही.

नोकरी लागल्यावर मी तिला सोलापुरात आणलं. भवानी पेठेतल्या आमच्या घरात यंत्रमागांची खटखट दिवसभर ऐकू येई, आणि वारा फिरला की रंगाच्या पाण्याचा वास आत शिरे. पहिल्याच दिवशी तिने खिडकी उघडून हवा हुंगली. “घाण हाय. पर ऱ्हाऊ,” म्हणाली आणि मग पुढची सगळी वर्षं तिने त्याच खिडकीशी काढली. तिच्या संगतीत माझंही नाक बिघडलं. मला माणसांचा वीट फार लवकर येतो, असं वैशाली म्हणते. ते खरं आहे, आणि पुढचा प्रसंग आठवला की ते योग्यही आहे असं मला वाटतं.

मुलीची बारावी झाली आणि घरात व्हिएतनामला जायचं ठरलं. हल्ली आमच्या गल्लीतले लोक व्हिएतनामला असे जातात, जसे पूर्वी तुळजापूरला जायचे. आत्याने समुद्र पाहिला नव्हता आणि विमानातही ती कधी बसली नव्हती. तिला जायची हौस होती, पण कारण तिचं स्वतःचं होतं. “वरच्या हवंला वास असतो का, बगायचंय मला,” ती म्हणाली. “आन् समुद्राला बी.”

एकच अडचण होती. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. आत्याने स्वतःची जागा कधीच धरून ठेवली होती. माळावरच्या आमच्या रानात, बांधावरच्या लिंबाखाली, माझ्या वडिलांच्या शेजारी. तिच्या हृदयात डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलेली होती आणि त्या स्प्रिंगवर तिचा काडीचाही भरवसा नव्हता. “मी तितं मेले तर? तितंच जाळून डबीत घालून आणशीला मला. त्ये न्हाय चालायचं. मला अख्खी हितं आणायची कबुली कोण देतो ते सांग, मग येते.” वैशाली म्हणाली, “आत्याबाई, त्याचाच तर विमा असतो.” झालं. आत्याला न्यायचं की नाही हे आता विम्यावर येऊन ठेपलं, आणि विमा घ्यायचा तर कुणाकडून, हे आत्याच्या नाकावर.

विमानाच्या तिकिटांच्या साइटवरच एक चौकोन होता, टिचकी मारली की विमा. पण आत्या म्हणाली, “मानूस कुटंय? वास कुनाचा घिऊ?” म्हणून आत्या, वैशाली आणि मी सहलवाल्यांच्या ऑफिसात गेलो. तिथे गुलाबाचा फवारा मारला होता. आत्याने दारातच पदर नाकाला लावला. समोरच्या बाईंनी “आज्जीऽऽ” असा लांब सूर काढला आणि सहलीत विमा आलाच म्हणून सांगितलं. आत्याने विचारलं, “मेल्यावर आणता का माघारी?” बाईंनी दोन्ही कानांना हात लावले. “अशुभ नका ना बोलू आज्जी!” मला किळस आली. मरणाचा विमा विकायचा, आणि म्हातारीने मरणाबद्दल विचारलं की कानांना हात लावायचे. मी हृदयाच्या दुखण्याचं सांगितलं तेव्हा मात्र बाईंनी आवाज खाली आणला. “ते आपण लिहायचंच नाही सर. कोण बघतंय?”

दुसऱ्या दिवशी बँकेचा पोरगेला साहेब घरी आला. प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’. मृतदेह मायदेशी आणण्याची सोय त्याने अशा उत्साहाने सांगितली, जणू साडीवर ब्लाउजपीस फुकट आहे. आत्याला तो आधी बरा वाटला, कारण तो निदान मरणाचं नाव घेत होता. “कशात आणता?” तिने विचारलं. “पेटीत, आजी.” “लाकडी का पत्र्याची?” “विचारून सांगतो.” “पेटीत कसला वास असतो?” यावर तो माझ्याकडे बघून हसला. आत्याला तिच्या प्रश्नावर कुणी हसलेलं खपत नसे. वर त्याने जाताजाता मला दारात गाठलं आणि तोच मंत्र दिला, “सर, हार्टचं डिक्लेअर नका करू. निष्कारण प्रीमियम वाढतो.” त्याने पाणी प्यायलेला पेला आत्याने दोनदा घासला.

तिसरा होता वैशालीचा भाऊ प्रकाश. आमच्याच पेठेत एका चादरींच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. आम्ही आधी बाहेर चौकशी केली हे कळल्यावर तो तोंड पाडून आला. “दाजी, घरात एजंट असताना तुमी परक्याकडं? लोक शेण घालतील की माझ्या तोंडात.” मी म्हणालो, नात्यातल्या पाहुण्याकडून विमा घेतला की प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून गेलो. पण आत्याला प्रश्न विचारायला पाहुणा-बिहुणा आडवा येत नव्हता. प्रकाशने अर्जातल्या आजाराच्या रकान्यात ‘नाही’ घालायला पेन उचललं, तशी ती म्हणाली, “आन् तितं मी ह्या हार्टानंच मेले तर?”

प्रकाश डोकं खाजवायला लागला. “तसं काय होत न्हाई हो आत्याबाई.”

“जालं तर?”

“मग… मग कंपनी बघंल.”

“काय बघंल? म्हातारी खोटं बोलून आलीया म्हणंल आन् देईल टाकून. लाव फोन. खरं सांग त्यास्नी.”

प्रकाशने नाइलाजाने फोन लावला. उत्तर आलं की हृदयाच्या कारणाने काहीही झालं तर कंपनीची जबाबदारी नाही. अपघात झाला, तरच आणणार. आत्याने ते नीट ऐकून घेतलं. “म्हंजे मोटारीखाली सापडले तर येनार, आन् निजल्या जागी गेले तर तितंच ऱ्हानार. घाण हाय.” तीन माणसं, तीन ठिकाणं, आणि तिघांच्याही तोंडी तीच लबाडी.

मी सगळीच सहल रद्द करायला निघालो होतो. आत्या माझ्यावर उखडली. “माझ्यापायी पोरीचा समुद्र बुडवतो व्हय? मी बिरूकडं जाते माळावर. तू तितनं फोन कर आन् वास कसा हाय त्ये सांग.” बिरू माझा चुलतभाऊ, तिचा दुसरा भाचा. मग उरलेल्या तिघांचा विमा भिडेखातर प्रकाशकडूनच घेतला. तो खूश झाला. “निवांत जावा दाजी. इकडं फॅमिलीत काय बरंवाईट झालं आणि तुमाला अर्ध्यातनं फिरावं लागलं, तरी तिकीट कंपनीचं.” मी विचारलं, फॅमिली म्हणजे कोण कोण? “फॅमिली म्हंजे सगळी फॅमिली की,” तो म्हणाला. फॅमिली म्हणजे कोण हा प्रश्न आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही. मीही विचारला नाही.

समुद्रावर पोचल्यावर मी तिला फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज येत होता.

“कसा हाय वास?”

“खारट. आणि मासळीचा.”

“घाण हाय?”

“थोडी आहे.”

“मग बरं जालं आले न्हाय. आन् इमानातल्या हवंला?”

“कसलाच वास नव्हता आत्या.”

“वास न्हाय ती कसली हवा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी बिरूचा फोन आला. आत्या निजली ती उठलीच नाही. “तू येस्तवर थांबतो. बर्फाची पेटी आणलीया,” तो म्हणाला. आत्याला शेवटी पेटीत ठेवलंच.

मग मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी दुःख व्यक्त केलं, ते कागदावरून वाचून. मग विचारलं, “मृत व्यक्ती आपली कोण?” मी सांगितलं, आत्या. “सॉरी सर, आत्या जवळच्या कुटुंबात येत नाहीत.” मग कोण येतं? तिने पाठ म्हणून दाखवलं: पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे. जिने मला वाढवलं ती आत्या कुटुंबात नाही, आणि वर्षातून एकदा दिवाळीला भेटणाऱ्या सासूबाई मात्र आहेत! मी त्या मुलीला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी पगारी नोकर. पण कुणाच्या तरी टेबलावर ही यादी कुणीतरी बसून ठरवली असेल, चहा पीत, आणि त्या चहाचीसुद्धा मला किळस येते.

प्रकाशने तर कमाल केली. “दाजी, आत्या कशाला म्हणायचं? आई म्हणा. तुमाला त्यांनीच तर वाढवलं. मृत्यूच्या दाखल्यावर नातं कुटं लिवतात?” तो वाईट माणूस नाही. माझा फायदाच बघत होता. पण खरं सांगतो, त्या फोनमधून मला आंबूस वास आला. शाळेचा ओटा आठवला. मी म्हणालो, “आत्याच.” आणि परतीची तिकिटं स्वतःच्या पैशाने काढली.

माळावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. बिरूने बांधावरच्या लिंबाखाली, वडिलांच्या शेजारी, खड्डा घेऊन ठेवला होता. आत्याला खाली ठेवलं. प्रकाशही आला होता, अत्तर लावून. खड्ड्याच्या काठावर तो माझ्या कानाशी लागला. “दाजी, अजून येळ गेली न्हाई. आई म्हणून अर्ज टाकू या की.”

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली वाकून मूठभर माती घेतली. टाकायला हात पुढे गेलाच होता, तो मध्येच वळला आणि नाकाशी आला. मेंढरांच्या लेंड्यांचा, वाळल्या गवताचा, उन्हाचा वास होता.

“काय रं?” बिरूने विचारलं.

“घाण न्हाय,” मी खाली बघत आत्याला सांगितलं आणि मूठ सोडली.