शेवटची दोन पानं

आकांक्षा मेहरेशी वाकडं घेऊ नये, हे भातकुलीत तिच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. शेखरला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

घर भाजीवाल्या माळ्यांचं. आई माणिकबाई दोडके, वांगी, मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात नेणारी. पोरगी शिकली आणि त्याच अमरावतीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागली. प्रोग्रॅम लिहिणारे दुसरे. पण त्यांचं लिहिलेलं ज्या सर्व्हरवर चालतं तो उभा करायचा, त्यावर डेटाबेस बसवायचा, कोणाला आत सोडायचं नि कोणाला नाही ते ठरवायचं, हे काम आकांक्षाचं. "म्हणजे तू नेमकं करते काय वं?" असं माणिकबाईनं विचारलं की ती म्हणायची, "बाजार भरायच्या आधी ओटे धुते, आई."

सहा वर्षं ओटे धुऊन झाल्यावर तिनं एक कागद तयार केला. अठरा पानं. कोरं यंत्र समोर आल्यापासून डेटाबेस चालू होईपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमानं, कुठे फसगत होते, सगळं त्यात होतं. शेवटची दोन पानं तिच्या जिवाची होती: रोज सगळ्याची प्रत दुसरीकडे कशी काढून ठेवायची, आणि चालू सर्व्हरवर काय चुकूनही करायचं नाही.

शेखर तिचा वरिष्ठ. त्यानं पहिल्या पानावरचं तिचं नाव काढून स्वतःचं टाकलं. शेवटची दोन पानं उडवली, कारण "एवढं लांबलचक गिऱ्हाईक वाचत नाही." आणि त्या सोळा पानांच्या जोरावर अकोल्याच्या डाळमिलवाल्यांचं काम मिळवलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मालक किशोरसरांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली. आकांक्षा उठून म्हणाली, "सर, हा कागद माझा आहे. आणि त्यातली दोन पानं गायब आहेत."

शेखर हसला. "ताई, तुमचं काम टाइप करायचं. कागदात आहे तेवढंच करा. डोकं चालवायला आम्ही आहोत."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. हसली नाही ती एकटी साधना, आकांक्षाच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहिणारी, दुपारचा डबा तिच्यासोबत खाणारी.

त्या दिवसापासून आकांक्षानं शेखरवर दात धरला. बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेली आणि सर्व्हर बसवला तो अगदी कागदाबरहुकूम. सोळा पानं, त्यापुढे एक ओळ नाही. प्रत काढायची सोय कागदात नव्हती, म्हणून तीही केली नाही. पण माणिकबाईच्या वेलावर दर ओळीत एक दोडका बियाण्यासाठी राखलेला असे, आणि त्याला हात लावणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसे. त्या घरची पोर काहीच न राखता कशी राहील? अमरावतीला तिच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर होता. रोज संध्याकाळी घरी निघताना ती अकोल्याच्या डेटाबेसची प्रत त्यावर ओढून घ्यायची. कोणाला सांगितलं नाही. काळजीपोटी घेत होती म्हणावं, तर तेवढी काही ती साधी नव्हती. एक दिवस हा माणूस तोंडावर पडेल आणि तेव्हा आपल्या मुठीत काहीतरी असेल, एवढ्यासाठीच ती घेत होती.

दिवस आला मंगळवारी. शेखर अकोल्यात मिलवाल्यांपुढे बसला होता. सर्व्हर कसा बसवतात ते दाखवा, असं कोणी म्हटलंही नव्हतं. पण याला हात दाखवून अवलक्षण करायची हौस. 'आपला' कागद उघडला आणि चालू सर्व्हरवरच पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. तिसरी पायरी होती: यंत्रावर आधीचा डेटाबेस असल्यास पुसून टाका. त्यानं पुसला. साधनानं तीन महिने खपून भरलेल्या नऊ मिलच्या याद्या, दर, वजनं, सगळं एका दमात गेलं.

अकरा वाजता शेखरचा फोन आला. "ताई, परत कसं आणायचं?"

"कागदात पाहा ना," आकांक्षा म्हणाली. "त्यात नसंल तर मले काय मालूम? मी तं टाइप करणारी."

ठेवला फोन. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं. त्यानंतर चौदा वेळा फोन वाजला आणि चौदाही वेळा तिनं तो वाजू दिला.

शेजारी साधनानं डोकं टेबलावर टेकवलं होतं. शुक्रवारी हे काम मिलवाल्यांना दाखवायचं होतं, आणि ते दाखवल्यावरच तिची नोकरी कायम होणार होती. "गेलं वं सगळं," म्हणत ती हुंदके देत होती. आकांक्षानं तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. पायाशी तो जुना कॉम्प्युटर घरघरत होता, आणि ती गप्प बसली.

बुधवारी दुपारी शेखर स्वतः येऊन तिच्यासमोर उभा राहिला. चेहरा उतरलेला. "काही होऊ शकतं का?"

"होते. पयले सगळ्यांले मेल करा. कागद कोणाचा, नाव कोणी काढलं, दोन पानं कोणी उडवली, तीनही लिहा."

त्यानं लिहिलं, 'आकांक्षाताईंच्या सहकार्याने तयार केलेला कागद'.

"सहकार्यानं नाही," ती म्हणाली. "पुन्हा लिहा."

दुसऱ्यांदा त्यानं तसंच लिहिलं, जसं तिला हवं होतं. मेल सगळ्यांना गेलं. मग वीस मिनिटांत तिनं अकोल्याचा डेटाबेस होता तसा उभा केला. किशोरसर धावत आले, उद्यापासून अकोल्याचं काम तुमच्याकडे, म्हणाले. शेखर मान खाली घालून निघून गेला. आकांक्षानं त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. एक क्षणही वाया जाऊ दिला नाही.

मग ती हसत साधनाकडे वळली. साधना आकांक्षाच्या पडद्यावर प्रतीची तारीख वाचत होती. सोमवार, संध्याकाळी सहा.

"हे काल तुयापाशी होतं?"

"होतं."

"मी रडून राहिली होती तवा?"

"मले त्याले रडवायचं होतं, साधना. तुले नाही."

"तो कुठी रडला?" साधना डबा पिशवीत भरत म्हणाली. "रडली तं मी."

दुपारचा डबा दोघींचा अजून उघडलाही नव्हता. साधना तो घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.