बॉयलर, बँक आणि बसण्णा

कागदाच्या मिलमध्ये दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक रद्दीचा, दुसरा किश्शांचा. रद्दीचा निदान लगदा होतो, पुन्हा कागद होतो. किश्शांचं काय करायचं? म्हणून मैत्रिणी चहाला आल्या की मी सांगत सुटते.

आमची मिल गोकुळ रोडच्या मागच्या अंगाला. रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद करतो. मी ऑफिस सांभाळते. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. वीज आणि वाफ इतकी वाया जायची, की अप्पांनी शेवटी एका विकास बँकेकडे कर्ज मागितलं. नवा बॉयलर, यंत्रांना नव्या मोटारी, वाफेच्या पाइपांना आवरण, असं सगळं. तपासायला बँकेनं पुण्याहून एक इंजिनिअर मॅडम पाठवल्या. त्यांना कन्नड येत नाही, आणि आमचा बॉयलरवाला बसण्णा कन्नडशिवाय बोलत नाही. मध्ये मी!

* * *

मॅडम येणार म्हणून अप्पांनी अख्खी मिल रंगवून घेतली. मी म्हटलं, "अप्पा, त्या वीज बघायला येताहेत, रंग नाही."

"मुलगी बघायला पाहुणे येतात, तेव्हा घर आवरतोच की!"

रंगाऱ्याला चौरस फुटावर पैसे. त्यानं भिंती रंगवल्या, पाइप रंगवले, आणि प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळांच्या काचाही रंगवल्या.

मॅडम बॉयलरसमोर उभ्या राहिल्या. "रंग सुंदर आहे. प्रेशर किती?"

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी बसण्णाकडे. त्यानं शांतपणे खिशातून खिळा काढला, काचेवर टिकलीएवढा रंग खरवडला, एक डोळा मिटून आत बघितलं आणि म्हणाला, "सात."

बँकेची पहिली अट अप्पांना तिथंच तोंडी मिळाली. काचा पुसा!

* * *

मग मॅडमनी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. जिथून वाफेची गरमी बाहेर पडते, ती जागा त्यात लालभडक दिसते. पाइपावर एका ठिकाणी ओळीनं दहा-बारा काळपट चौकोन दिसले.

"हे काय?"

जेवणाचे डबे! सगळ्यांच्या भाकऱ्या आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी, सकाळपासून त्या उघड्या पाइपावर गरम होत असत. पाइपाला आवरण बसणार हे कळताच कामगारांमध्ये ओरड सुरू झाली. पगारासाठी झाला नसता एवढा गलका! गार जेवण कोण खाणार?

मॅडमनी दुपारी त्यांच्यातच बसून एक गरम भाकरी खाल्ली. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "दीड फूट पाइप उघडा ठेवा. तेवढी गरमी वाया गेली असं मी धरत नाही."

* * *

बँकेची एक अट मात्र सगळ्यांच्या मनाला लागली. जुना बॉयलर विकायचा नाही, तोडायचा. नाहीतर दुसरा कुणीतरी घेऊन तोच धूर काढत बसेल. हे ऐकल्यापासून बसण्णा दोन दिवस जुन्या बॉयलरचं दारच पुसत बसला. उभं आयुष्य त्यानं त्या बॉयलरच्या तोंडाशी काढलं होतं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "अक्का, मॅडमना विचारा री, बॉयलरवाल्यालाही तोडणार काय?"

मी होतं तसं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अटींच्या यादीत एक ओळ हातानं वाढवली. जुन्या माणसाला शिकवून नव्या बॉयलरवर ठेवायचं.

अप्पा उसळले. "अहो, त्यानं कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही!"

"तुम्ही लावलाय?"

अप्पांनी सही केली. बसण्णा चार दिवसांचं ट्रेनिंग करून आला. मी विचारलं, जमलं का?

"पहिल्या दिवशी माउस पळत होता री. आता हातात बसतो."

* * *

नव्या मोटारी लागल्या आणि मिलचा आवाज निम्म्यावर आला. पहिल्या दिवशी अप्पा केबिनमधून अनवाणी धावत बाहेर आले. "मिल कुणी बंद केली?" कागद आपला सुरळीत निघत होता. ते परत गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा धावत आले!

पण इतकी वर्षं त्या आवाजावर ओरडून फोन करायची सवय. ती कुठली सुटायला? दुसऱ्या दिवशी रद्दीवाला दारात. "अप्पा, भाव वाढवून द्या."

"परवडत नाही रे!"

"काल फोनवर कुणाला तरी आता चांगलं परवडतंय म्हणालात की! मी बाहेर वजनकाट्यावर उभा होतो."

* * *

कर्जाचा शेवटचा हप्ता बचत सिद्ध झाली तरच मिळणार होता. मोजणीच्या दिवशी अप्पांनी ऑफिसचे दिवे, पंखे, अगदी पाण्याचा कूलरसुद्धा बंद करायला लावला. अंधारात घाम पुसत मॅडम म्हणाल्या, "अप्पा, एक टन कागदाला किती वीज लागते ते मी मोजतेय. एका माणसाला किती घाम येतो ते नाही."

पंखे लागले. तरी बचत भरली!

* * *

आणि हा किस्सा मॅडमच्या शेवटच्या भेटीतला. बँकेच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, बदलाबद्दल कामगारांच्या घरच्यांचं मत काय? मॅडम नव्या बॉयलरच्या काचेच्या खोलीत फॉर्म घेऊन बसल्या होत्या. एसी चालू, बसण्णा खुर्चीत, समोर स्क्रीन, बाजूला अप्पा आणि मी.

तेवढ्यात कमरीपेठेतल्या घरून त्याची बायको गौरक्का तरातरा आली. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याचे तीन शर्ट. ते तिनं अप्पांसमोर टेबलावर आपटले आणि कन्नडमध्ये सुरू झाली.

"खरं सांगा अप्पा, ह्यांना कामावरून काढलंत ना? महिना झाला, शर्ट पांढरेच्या पांढरे घरी येताहेत! दिवसभर कुठं जाऊन बसतात हे?"

अप्पा म्हणाले, "अगं, इथंच असतो. हा नवा बॉयलर तोच चालवतो."

गौरक्कानं बॉयलरकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. एसीखाली हात धरून बघितला. मग नवऱ्याला विचारलं, "काय करावं लागतं?"

बसण्णानं अभिमानानं एक बटण दाबून दाखवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग रोज संध्याकाळी 'लई दमलो' म्हणून माझ्याकडून पाय कोण चेपून घेतंय?"

बसण्णा स्क्रीनमध्ये तोंड घालून बसला. मॅडमनी पेन सरसावून मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, "म्हणतात, आजपासून आमच्या घरीही ऊर्जाबचत!"

मॅडमनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.