याडीची झूल

मी ते संग्रहालय कधी पाहिलंच नव्हतं. तरी दर पोळ्याला मोठ्या भावाला सांगत आलो, "पाहून आलो दादा, काचेत ठेवली हाये."

ठेवली म्हणजे झूल. याडीनं, आमच्या आईनं, बैलासाठी शिवलेली. तिच्या लग्नातल्या घागऱ्याचे तुकडे, त्यावर आरसे, काठाला कवड्या. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात पोळ्याच्या तोरणाखाली सगळ्यांची नजर तिच्यावर असायची. याडी गेल्यानंतर एका वर्षी बैलानं मान फिरवली आणि शिंगानं ती फाटली. दादानं पोतं शिवायच्या दाभणानं, सुतळीनं टाके घातले. वाकडेतिकडे.

पुढे शहरात एक गृहस्थ ओळखीचे झाले. संग्रहालयासाठी जुन्या वस्तू जमवतो म्हणाले. दादा झूल द्यायला तयार नव्हता. मीच मागे लागलो. इथं उंदीर कुरतडतील, तिथं जग पाहील. मला ते खरंच वाटत होतं.

यंदा उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीत गेलो. रविवारी तिनं मला जुन्या बाजारात नेलं. नदीकाठी लोक चादरी अंथरून घरातलं जुनं विकत बसले होते. आपल्या आठवडी बाजारासारखंच, फक्त आरडाओरड नाही. कपबश्या, घड्याळं, बाहुल्या. एका बाईसमोर उशीचा भरतकामाचा अभ्रा होता. त्यावर तेच आरसे, तेच सुतळीचे वाकडे टाके.

मी खाली बसून ते टाके चाचपू लागलो. बाई हसून काहीतरी म्हणाली.

"सोफ्यावर छान दिसेल म्हणते," मुलगी म्हणाली. "चार होते, हा शेवटचा. बाबा, काय झालं?"

अभ्रा घेतला आणि त्या गृहस्थांना फोन लावून झूल कुठं आहे, विचारलं.

"इतकी वर्षं विचारलं नाही," ते म्हणाले, "आज काय आठवलं?"

बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, तांड्यावर पोचलो. दादा बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होता. मी अभ्रा पुढे धरला. त्यानं हात धोतराला पुसले आणि अंगठा टाक्यांवरून फिरवला.

"हे तं माह्ये टाके. बाकीची कुठं हाये?"

"कापली त्यानं. विकली."

दादा पुन्हा बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळू लागला.

"त्यानं तुले फसवलं, समजलं," तो म्हणाला. "मले कोनं फसवलं?"

"मी," मी म्हणालो. "पाहाले गेलोच नव्हतो, दादा. दरसाल तुह्या तोंडावर खोटं बोललो. चुकलो मी. माफ कर मले."