पुरणाचा घसा

"अहो, ओरडू नका! घसा बसलाय ना तुमचा?" बायको ओरडली ती इथून तासभर लांबच्या बरक्याच्या मासळीबाजारात ऐकू गेली असणार. मी बाल्कनीत "रसिकहो, नमस्कार!" घोटत होतो. इथल्या आखातातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं निवेदन कोण करणार, हे शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी आवाज ऐकून ठरणार होतं. दरवर्षी तो माईक एका गुळगुळीत बँकवाल्याच्या हाती जायचा. यंदा मी तो सोडणार नव्हतो. आठवडाभर असा सराव केला की घरामागचे बौशरचे डोंगर प्रतिध्वनी देऊन देऊन थकले.

समोरच्या फ्लॅटमधल्या हाँगकाँगच्या काकूंनी दार उघडलं. कुणाचाही आवाज ऐकला की या बाईंना कोंबड्या-बदकं नाहीतर खाण्याची वस्तू आठवायची. त्यांच्या कँटोनीज बोलीत रोजचं बोलणंच तसं, म्हणे. आमच्या किनऱ्या आवाजाच्या वॉचमनला त्या 'गय जाय सेंग' म्हणत, म्हणजे कोंबडीच्या पिल्लाचा आवाज. माझं "रसिकहो" ऐकून त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "तुमचा तर दौ सा हौ."

अर्थ विचारला. शिजवून वाटलेल्या डाळीचं गोड सारण असतं ना, तसा घसा.

म्हणजे पुरण! सणाच्या तोंडावर, आणि परक्या बाईच्या तोंडून!

"ऐकलंस? माझ्या घशात पुरण आहे!"

"मग गिळा आणि गप्प बसा," बायको म्हणाली.

गप्प कसला बसतोय! हळदीचं दूध बंद, काढा बंद. पुरण धुऊन निघालं म्हणजे? उलट दुप्पट जोरात ओरडलो.

शुक्रवारी माईकपुढे "रसिकहो" म्हटलं. अध्यक्षांनी आधी स्पीकर तपासला, मग वायर, मग माझ्याकडे पाहिलं.

"खलास. माईक द्या त्यांच्याकडे," ते बँकवाल्याकडे बोट करत म्हणाले.

मी दिला नाही. स्वागत, दीपप्रज्वलन, आभार, कार्यक्रमाचं सगळं निवेदन त्या चाचणीतच शेवटपर्यंत खरवडत नेलं. ऐकायला जमलेल्यांच्या पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ घाबरून थेट उभं राहून चालायला लागलं, आईशप्पथ! शेवटी बँकवाल्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि माईक नेला.

घरी न जाता काकूंचं दार ठोठावलं. "काकू, तुम्हीच तर आवाज गोड म्हणालात!" ओठ हलले, आवाज अर्धाच निघाला.

काकू मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोड कोण म्हणालं? ती डाळ रवाळ लागते, तुमच्या आवाजासारखी खरखरीत. मिठाच्या गुळण्या करा."