नळीतली लाली

माझी पाठ चोळणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, पण आधी त्याचंच सांगतो. मी नंदुरबारकडचा. शाळा सातवीत सुटली आणि चिखलीच्या जिनिंगमध्ये लागलो. तिथे खोकला आला की सगळे गूळ खातात, कापसाची धूळ उतरते म्हणून. मीही हिवाळाभर गूळच खाल्ला आणि फुप्फुसात क्षय वाढत गेला.

तो दवाखान्याच्या बाकावर भेटायचा. पिंपळगाव राजाकडचा, पन्नाशीचा, त्यालाही क्षयच. तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळून बोलायचा. मी खोकलो की मात्र त्याचा हात माझ्या पाठीवर यायचा.

तपासणीसाठी रक्त उभ्या नळीत ठेवतात. लाली जितकी लवकर खाली बसेल, तितकी अंगात सूज जास्त. हे त्यानेच समजावलं.

शेवटच्या भेटीत माझा त्या तपासणीचा आकडा उतरला होता. त्याचा, औषधं घेऊनही, चढला होता. माझे डोळे भरले.

"काऊन रडून राह्यला बे? तुही सूज उतरली न."

"तुमची नाही उतरली, काका."

"माह्या घरी कोणी इचारतही नाही आता. तुले कोणी इचारते?"

"आई विचारते, फोनवर."

"मंग तिले आजच सांग," तो भिंतीला म्हणाला.

त्यानंतर तो आला नाही. सिस्टरना विचारलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तरी बरा झालो की पिंपळगावला जाणार आहे. चेहरा रुमालाआडच पाहिला, पण तो असेल, तर खोकल्यावरूनच ओळखेन. त्याची पाठ चोळायची राहिली आहे.